जतच्या माळावरून गुहागरच्या वाळूपर्यंत : सीमाभागातून समुद्राकडे सायकलनं

कृष्णाकाठ (सांगली)
थंडी पडली की आपल्याकडं एकच विषय निघतो, यंदा कोकणात कुठल्या घाटानं उतरायचं. उत्तरंही ठरलेली असतात, आंबा नाहीतर कुंभार्ली. पिकअपमध्ये सायकली टाकायच्या, मलकापूरला नाहीतर कराडला उतरवायच्या, घाट उतरायचा, मासे खायचे आणि परत. मी सहा वर्षं हेच केलं. गेल्या जानेवारीत मात्र ठरवलं की घाटाच्या अलीकडचा रस्तासुद्धा पायानंच कापायचा. घाटाच्या अलीकडचा म्हणजे अगदी सीमेपासूनचा.

गुहागर-विजापूर महामार्ग आपल्या जिल्ह्याच्या पोटातून जातो, नवा नंबर १६६ ई. कर्नाटकाच्या हद्दीतून जत, नागज, भिवघाट, विटा, कडेगाव, कराड, पाटण, कोयनानगर, चिपळूण आणि शेवटी गुहागर. पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी देवाची कृपा मानणाऱ्या गावांपासून पाच हजार मिलिमीटर पडणाऱ्या कोयनानगरपर्यंत हा एकच रस्ता जातो. त्याची दोन्ही टोकं सायकलनं जोडलेली माणसं आपल्यात फार थोडी दिसतात, म्हणून या सायकलवाल्यांच्या चर्चेत हा धागा काढतोय.

मी असा गेलो :

पहिला दिवस सांगली, मिरज, म्हैसाळ, कागवाड, अथणी, जत. १०५ किलोमीटरच्या आसपास.
दुसरा दिवस जत, नागज, भिवघाट, विटा, कराड. सव्वाशेच्या आत.
तिसरा दिवस कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. एकशेचाळीसच्या आसपास. सगळ्यात लांब दिवस हाच.

पहिल्या दिवशी म्हैसाळला चहाला थांबलो तेव्हा तिथला म्हातारा चहावाला म्हणाला, "हितलंच पानी जतला जातंय." म्हैसाळ उपसा योजना आपल्याला पेपरातनं माहीत असते. पण सायकलवर ती वेगळी कळते. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं वर चढवत ज्या माळावर नेलंय, त्याच माळावर आपण पुढं पायानं चढत असतो. मग डोक्यात आलं की कृष्णेला हे पाणी कराडला कोयना देते, आणि तिसऱ्या दिवशी आपण त्याच कोयनेच्या काठानं धरणापर्यंत जाणार. म्हणजे तीन दिवस आपण पाण्याच्या उलट दिशेनं चाललोय, ते जिथनं येतं तिकडं. हे ध्यानात आल्यावर माझ्यापुरता सगळा रस्ताच बदलला.

म्हैसाळच्या पुढं पाट्या कन्नड होतात. बाकी काही बदलत नाही. तीच काळी जमीन, तोच ऊस, तेच ट्रॅक्टर. कागवाडात मराठीत विचारा, उत्तर मराठीत येतं. अथणीत चपलांची दुकानं बघायला अर्धा तास ठेवा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले. अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर कागदावरसुद्धा एकाच नावाखाली आहेत, हे मला फार बरं वाटलं.

अथणीच्या पुढं ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. तिथं, सीमेच्या अलीकडं की पलीकडं ते मला अजूनही सांगता येणार नाही, मागचं चाक बसलं. सराट्याचा काटा. ट्यूब काढली पण भोक सापडेना, इतकं बारीक. रस्त्याकडेच्या वस्तीवर गेलो. आजी दारात जोंधळा पाखडत होत्या. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, म्हणाल्या आणि आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. नातवानं घमेल्यात पाणी आणून दिलं. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, खडूनं खूण केली, घासलं, सोल्युशन लावलं, पॅच दाबून धरला. टायरच्या आतनं बोट फिरवून काटाही काढला. तो राहिला असता तर पुढच्या दोन किलोमीटरात पुन्हा हेच झालं असतं. निघताना पोरगं घमेलं उचलून मोरीकडं चाललं होतं. आजींनी त्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. ते वळलं आणि ते पाणी डाळिंबाच्या रोपाच्या बुडाशी ओतलं. तीन तांबे पाणी असेल. मी दहा किलोमीटर तेच आठवत चालवली.

ज्यांना फक्त घाट हवाय त्यांना माझी मनापासून विनंती आहे, एकदा जतपासून निघून बघा.

मिरजमळा
दादा, फार दिवसांनी असं वाचायला मिळालं. एक विचारतो. कागवाड रोडला उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरांची रांग असते. दोन दोन ट्रेलर, मागं दिवा नाही. जानेवारीत भीती वाटली नाही का?

कृष्णाकाठ (सांगली)
वाटली. म्हणून पहाटे अंधारात निघालो नाही, नीट उजाडल्यावरच मिरज सोडलं. एकदोन गोष्टी सांगतो. ट्रेलरच्या मागं मागं राहू नका. ऊस पुढं मागं बाहेर आलेला असतो आणि मोळी सुटली तर थेट अंगावर. ओव्हरटेक करताना दुसरा ट्रेलर विसरू नका, पहिला गेला की आपण आत येतो आणि मागचा ट्रेलर वळणावर आत कापतो. बैलगाड्यांची जोडी असली तर घंटी वाजवू नका, बैल बुजतात. तोंडानं "गाडीवान मामा, जातो हो" म्हटलं की ते कासरा ओढतात. आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम.

जतचा गडी
आमच्या तालुक्यावर कुणीतरी चांगलं लिहिलं, लय बरं वाटलं. जत म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि सीमावाद, एवढंच लोकांना माहीत. थोडी भर घालतो.

एक. सायकलवाल्यांनी डिसेंबरात येताना यल्लम्मा देवीच्या यात्रेचे दिवस बघून या. मार्गशीर्षात असती. त्या दिवसांत जतला लॉज मिळत नाही आणि रस्त्यावर बैलगाड्या, माणसं. पण यात्रा बघायचीच असेल तर त्याच दिवसांत या. खिलार बैल आणि माडग्याळची मेंढी, दोन्ही बघायला मिळतील. माडग्याळच्या मेंढीचं ते बाकदार नाक एकदा बघितलं की विसरत नाही.

दोन. एक दिवस जास्तीचा असेल तर जतहून गुड्डापूरला जाऊन या. दानम्मा देवीचं देवस्थान. कर्नाटकातनं लोक चालत येतात. तिथं तुम्हाला कळंल की हद्द म्हणजे काय आणि माणसांचं येणंजाणं म्हणजे काय.

तीन. उमराणी आमच्याच तालुक्यात. १६७३ साली प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला हितंच कोंडला. कसा? पाणी तोडून. फौजेला पाण्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुम्ही पाण्याचं लिहिलं म्हणून आठवलं. तवापासून हितं सगळं पाण्यावरच ठरतंय बगा.

कन्नड येत नाही म्हणून कुणी भिऊ नका. "येष्ट दूर ऐती?" म्हणजे किती लांब आहे, एवढं विचारा, समोरचा हसून मराठीत सांगंल. आमच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळासुद्धा कन्नड माध्यमाच्या आहेत. घरात कन्नड, बाजारात मराठी.

वारणेचा वारा
सीमेवर काही तणाव असताना जावं का? २०२२ च्या डिसेंबरात एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या, हे आठवतंय.

जतचा गडी
दादा, तसं काही चालू असलं तर अथणीकडनं येऊ नका, मिरजेहून कवठेमहांकाळ, डफळापूर करत थेट जतला या, सगळा रस्ता आपल्याच हद्दीत. पण खरं सांगू का, त्या डिसेंबरातसुद्धा आमच्या गावातली माणसं शेजारच्या गावाला बाजाराला जातच होती. सोयरीकच तिकडं, काय करणार. माझी आत्या अथणी तालुक्यात दिलीय.

पॅडलवाली
मी इस्लामपूरची. आम्ही तिघी मैत्रिणी आहोत, शनिवार रविवारी साठ सत्तर किलोमीटर करतो. हा रस्ता करायची फार इच्छा आहे. पण तिघींच्याच जिवावर जत ते विटा हा पट्टा कसा वाटेल? स्वच्छतागृहाचं काय? कृपया खरं खरं सांगा.

विट्याची लेक
ताई, मी आणि माझी नणंद दोघींनी विटा ते जत आणि परत असं केलंय, म्हणून सांगते. माणसांची भीती अजिबात वाटली नाही. अडचण आहे ती स्वच्छतागृहाची आणि सावलीची. मोठ्या पेट्रोल पंपावर सोय असते पण नागज ते जत मध्ये लांब लांब काही नाही. नागज फाट्यावर जाऊनच पुढं निघायचं, हा आमचा नियम. पाळीचे दिवस असतील तर तारीख पुढं ढकला, उगाच हाल करून घेऊ नका. ओढणी किंवा मोठा स्टोल जवळ ठेवा, उन्हालाही उपयोगी आणि आडोशालाही.

आणि फेब्रुवारीनंतर गेलात तर नागजच्या आसपास बेदाण्याच्या शेड बघायला थांबा. लांबून हिरव्या जाळीची घरं वाटतात. आत जाळीवर द्राक्षं वाळत घातलेली असतात, एकावर एक थर. बायका बेदाणा निवडत बसलेल्या असतात. आम्ही पाणी मागितलं तर मूठ मूठ बेदाणा हातात ठेवला. पुढचा चढ त्याच्यावरच गेला.

खानापूरचा घाटमाथा कमी समजू नका. नकाशावर सपाट दिसतो. भिवघाट ते खानापूर आणि पुढं रेवणगावचा घाट, आम्हाला सगळा वेळ वाऱ्यानं धरून ठेवलं होतं. रेणावीला रेवणसिद्धाचं देऊळ आहे, तिथं सावली आणि पाणी दोन्ही आहे.

पॅडलवाली
ताई, एवढं नीट कुणी सांगत नाही. मनापासून धन्यवाद. तारीख ठरवतो.

दांड्याचं टोपडं
वाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझा अनुभव आहे की या रस्त्याला दिशा आणि महिना चुकला तर सगळा आनंद जातो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, म्हणजे जतहून निघालात तर सतत तोंडावर. ढालगाव परिसरात पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या. नोव्हेंबर ते जानेवारी पठारावर वारा बहुतेक पूर्वेकडचा असतो, तेव्हा जत ते कराड पाठीवर मिळतो. कोकणात उतरल्यावर मात्र गणित बदलतं. सकाळी जमिनीवरचा वारा मंद, आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा जोरात सुटतो. म्हणून गुहागरहून पुढं जायचं असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, रत्नागिरीकडे. दाभोळ, दापोलीकडे वर निघालात तर दुपारभर कुढत बसाल.

कृष्णाकाठ यांनी जानेवारी आणि पूर्व ते पश्चिम निवडलं, ते म्हणूनच बरोबर जमलं.

स्पोक
मी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या आत पूर्ण केली आहे. जत ते गुहागर पावणेतीनशेच्या आत दिसतंय. ३०० ला वीस तास मिळतात. एका दमात केलं तर?

कृष्णाकाठ (सांगली)
पाय साथ देतील, नाही असं नाही. पण हिशोब मांडून बघा. पहाटे चारला जत सोडलं तरी कोयनानगरला पोचेपर्यंत संध्याकाळ होणार आणि कुंभार्ली अंधारात उतरावा लागणार. कोयना आणि चांदोलीचं जंगल मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, रात्री गवे रस्त्यावर येतात. काळ्या रस्त्यावर काळा गवा, उतार आणि चाळीसचा वेग. कृपया नको. माझं ऐका, घाट दिवसाच.

कराडचा संगम
कराडकर म्हणून काही सूचना.

विट्याहून येताना येरळा ओलांडली की रस्ता बरा, पण सुर्ली घाट उतरताना सावकाश. उतार छोटा आहे म्हणून लोक सोडून देतात आणि वळणावर ट्रेलर समोर येतो. उतरल्यावर ओगलेवाडीपासून गर्दी सुरू.

मुक्काम कराडात असेल तर संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, असं दृश्य फार ठिकाणी दिसत नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच आहे. धागाकर्त्यानं पाण्याचा जो माग काढलाय, त्याचा मधला खांब हाच.

सकाळी लवकर निघून विजयनगर, सुपने, मल्हारपेठ, नवारस्ता करत पाटण. इथवर रस्ता नदीच्या सोबतीनं जातो, थंडीत धुकं असतं, मागचा दिवा चालू ठेवा. पाटणच्या पुढं रस्त्याची कामं चालू, थांबलेली, पुन्हा चालू, असं बरीच वर्षं चाललंय. काँक्रीटचा तुकडा संपून एकदम खडी येते. माझ्या मित्राची रिम तिथं वाकली. तक्रारी करून झाल्या. २८ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर घालून येऊ नका, मी तर ३२ घालतो.

जुना चक्रधर
वय ६३, हातात ब्रेक येण्याआधीपासून सायकल चालवतोय असं समजा. घाट उतरण्यावर लिहायचं होतं, कारण याच कुंभार्लीत माझ्या पुढं एक मुलगा पडला आणि त्याचं कारण टाळता येण्यासारखं होतं.

त्यानं वरपासून खालपर्यंत दोन्ही ब्रेक धरून ठेवले होते. रिम ब्रेकची सायकल. रिम इतकी तापली की ट्यूब फुटली. पुढचीच. नशीब की डोंगराच्या बाजूला पडला, दरीच्या नाही. मी जाऊन रिमला बोट लावलं, चटका बसला.

ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. सोडायचे, वळणाआधी जोरात दाबायचे, पुन्हा सोडायचे. वळणात शिरल्यावर दाबायचे नाहीत. आतला पाय वर, बाहेरचा खाली आणि भार त्या बाहेरच्या पायावर. डिस्क ब्रेक असले तरी मध्ये एकदोनदा थांबा, पॅड थंड होऊ द्या. आणि थांबाल तेव्हा वळणावर नाही, सरळ भागात, कठड्याच्या बाजूला.

कोयनानगरहून निघताना स्वेटर किंवा विंडचीटर घाला. कोयनानगर सहाशे मीटरच्या आसपास, चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. चढताना आलेला घाम उतरताना गार होतो, बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांनी ब्रेक दाबला जात नाही.

पॅडलवाली
काका, हे वाचून आम्ही तिघींनी सदाशिवगडाच्या रस्त्यावर उतरायचा सराव सुरू केला. खरंच फरक पडतो.

वाशिष्ठी
मी चिपळूणची. घाटावरचे लोक एक चूक नेहमी करतात. घाट उतरला की समुद्र आलाच असं त्यांना वाटतं. शिरगाव, पोफळी, अलोरे करत चिपळूणला येता, तोवर दुपार होते, पाय मोकळे वाटतात. आणि मग चिपळूण ते गुहागर हे पंचेचाळीस किलोमीटर जीव काढतात. रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी, सगळा रस्ता वर खाली, वर खाली. एकही चढ मोठा नाही, पण एकामागून एक येतात आणि हवेत दमटपणा. पठारावरचा घाम वाळतो, इकडचा वाळत नाही. मिठाचं पाणी, लिंबू, काहीतरी जवळ ठेवा. दमलेले असाल तर चिपळूणला मुक्काम करा आणि चौथ्या दिवशी सकाळी गुहागर. त्यात कमीपणा काही नाही.

पाण्याचं जे लिहिलंय त्यात एक भर घालते, कारण ती आमची गोष्ट आहे. कोयनेचं पाणी फक्त कराडकडे जात नाही. धरणातलं मोठं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला येतं, पोफळीला वीज तयार करून खाली वाशिष्ठीला मिळतं आणि समुद्रात जातं. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पश्चिमेकडे, असा कृष्णा पाणीतंटा लवादाचा आकडा आहे. म्हणजे तुम्ही घाट उतरत असता तेव्हा पाणीही तुमच्या सोबतच उतरत असतं, फक्त डोंगराच्या आतून. १९६४ पासूनचं धरण, १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप, आमच्या घरी आजी त्या पहाटेचं अजून सांगते. आणि २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी आमच्या घरात साडेपाच फूट होती. त्या नदीवर माझं प्रेम आहे आणि तिची भीतीही आहे. पुलावरून जाताना जरा थांबून बघा तिच्याकडे.

जतचा गडी
ताई, हे वाचून बराच वेळ काय लिहावं सुचलं नाही. आमच्याकडं त्याच पाण्यासाठी चार चार पिढ्या वाट बघत्यात, आणि तुमच्या घरात साडेपाच फूट. सांभाळून राहा.

वाशिष्ठी
दादा, या एकदा चिपळूणला. जेवायला आमच्याकडे.

साताऱ्याचा सायकलस्वार
साताऱ्याहून येणाऱ्यांसाठी : कराडपर्यंत जायची गरज नाही. उंब्रजवरून मल्हारपेठला आत वळा, महामार्गाची गर्दी टळते आणि पाटणच्या अलीकडे तुम्ही याच रस्त्याला लागता.

खाडीपल्याड
गुहागरला पोचल्यावर परत फिरू नका, अजून एक दिवस काढा. गुहागरहून दक्षिणेला पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. सकाळी लवकर निघालात तर पहिला चढ उन्हाआधी होतो. हेदवीला दशभुजा गणपती आणि खाली समुद्रकाठी बामणघळ. भरतीच्या वेळी त्या फटीत पाणी घुसून वर उसळतं, पण कडेला उभं राहू नका, खडक निसरडा आहे.

तवसाळहून जयगडला फेरीबोट. सायकल बिनधास्त घेतात, गाड्यांच्या कडेला उभी करायची आणि हातानं धरून ठेवायची. वेळापत्रक आदल्या संध्याकाळी विचारून घ्या, एक बोट चुकली की वाट बघावी लागते. जयगडहून मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव, घर जपलेलं आहे, आत जाऊन या. मग गणपतीपुळे आणि आरे-वारेवरून रत्नागिरी. आरे-वारेचा उतार येतो तेव्हा उजव्या हाताला एकदम सगळा समुद्र उघडतो. तिथं सगळे थांबतात, तुम्हीही थांबा, पण सायकल रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन. बघण्याच्या नादात गाड्या मागून येतात.

आमच्याकडच्या रस्त्याची तऱ्हा अशी : गाव खाडीकाठी, मग चढ, वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, मग पुन्हा उतार आणि दुसरं गाव. सड्यावर सावली नाही. पाणी गावातच भरून घ्या.

मिरजमळा
गिअर कोणता लावला होता दादा? माझ्याकडं मागं ११-२८ दात्यांचा संच आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
पुढं ५०/३४, मागं ११-३२. २८ नं कुंभार्ली उतरायला काही अडचण नाही, पण शृंगारतळीच्या चढांना आणि तवसाळच्या रस्त्याला ३२ असलं तर गुडघे वाचतात. ३४ मिळालं तर तेच घ्या. खाण्याचं म्हणाल तर भडंग, चिक्की, बेदाणा आणि गूळ. पाकिटातल्या महागड्या जेलनं माझं पोट बिघडलं होतं, तेव्हापासून बंद केलं.

पॅडलवाली
धागा वर आणतेय. जाऊन आलो!! तिघी. जानेवारीचा तिसरा आठवडा. चार दिवसांत गुहागर, वाशिष्ठी ताईंचं ऐकून चिपळूणला मुक्काम केला.

तपशील सगळा नाही लिहीत, तुम्ही सगळ्यांनी आधीच लिहिलाय. दोन गोष्टी लिहिते.

पहिली. जतच्या अलीकडं आम्हालाही सराटा लागला, दोन ट्यूब एकाच वेळी. मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पंक्चर काढलं. आतनं बोट फिरवून काटा शोधायचा, हे कृष्णाकाठ दादांनी लिहिलं होतं म्हणून सापडला. तीळभर होता. डबीत ठेवलाय.

दुसरी. आम्ही म्हैसाळला बाटलीभर पाणी घेतलं होतं आणि ते प्यायलो नाही. कराडला संगमावर, मग कोयनानगरला, मग चिपळूणच्या पुलावर ती बाटली बाहेर काढून बघायचो. गुहागरला संध्याकाळी पोचलो, व्याडेश्वराचं दर्शन घेतलं आणि वाळूत सायकली आडव्या टाकल्या. ओहोटी होती, पाणी बरंच आत गेलं होतं. चालत चालत गेलो आणि ती बाटली तिथं ओतली. मैत्रीण म्हणाली, "अगं, जतला ओतायला हवं होतं की." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पुढच्या वेळी कोयनेचं भरून उलट दिशेनं जायचं म्हणतोय, गुहागर ते जत. वाऱ्याच्या हिशोबानं कोणता महिना धरावा?

दांड्याचं टोपडं
ताई, जूनचा शेवट किंवा सप्टेंबर, वारा पाठीवर. पण जूनमध्ये घाटात शेवाळ आणि दरडी असतात, म्हणून सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा, पाऊस ओसरलेला असतो. कुंभार्ली चढायचा आहे, तेव्हा मागं ३४ लावा.

जतचा गडी
सप्टेंबरात या. तारीख कळवा, मी नागज फाट्यापर्यंत सामोरा येतो. डाळिंबाचं एक रोप दारात लावून ठेवतो, पाणी त्याला घाला.